लघु जेट इंजिनांतील पर्यायी इंधनांच्या चाचण्या

सुमारे पन्नास ते काहीशे न्यूटन रेटा (पुढे ढकलणारे बल) देणाऱ्या छोट्या टर्बोजेट इंजिनात विमानाच्या रूढ केरोसीनऐवजी (जेट ए-१) जैव, कृत्रिम किंवा वायुरूप इंधन जाळून त्याचा रेटा, खप, निष्कासाचे (बाहेर पडणाऱ्या वायूंचे) तापमान व उत्सर्जन मोजणे, असे या चाचण्यांचे स्वरूप असते. मोठ्या इंजिनाच्या चाचण्यांना हजारो लिटर इंधन लागते. प्रयोगशाळेत नुकतेच तयार झालेले इंधन मात्र सुरुवातीला काही लिटरच हाती असते आणि लघु इंजिनाची एक तुलनात्मक चाचणी तेवढ्यावर होऊ शकते.

जेट इंजिनात केरोसीनेतर इंधन वापरण्याची कल्पना या इंजिनाइतकीच जुनी आहे. जर्मन अभियंते हान्स फोन ओहाइन यांचे हाइंकेल या विमान कंपनीत बांधलेले पहिले प्रायोगिक इंजिन (एचईएस १) हायड्रोजनवर चालले, कारण द्रव इंधनाचे स्थिर ज्वलन साधणारा कक्ष तेव्हा त्यांच्यापाशी तयार नव्हता. ही चाचणी १९३७ च्या मार्चमध्ये झाली की सप्टेंबरमध्ये, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश अभियंते फ्रँक व्हिटल यांचे द्रव इंधनावरील जेट इंजिन इंग्लंडमध्ये १२ एप्रिल १९३७ रोजी चालले असल्याने अग्रक्रमाचा वाद या तारखेवर अवलंबून राहतो. मार्चची तारीख मुख्यतः उत्तरकालीन आठवणींवर आधारलेली दिसते. त्यामुळे सप्टेंबरकडे झुकणारे मत अधिक सावध म्हणावे लागेल. जेट इंजिनाच्या अगदी आरंभीच्या इंधनांतील हायड्रोजनचे स्थान मात्र कोणत्याही तारखेने ढळत नाही.

चाचणीत इंजिन सरकत्या चौकटीवर बसवून रेटा बलमापकाने मोजतात, तर इंधनाचा डबा वजनकाट्यावर ठेवून घटणाऱ्या वजनावरून खप काढतात. खप आकारमानात न मोजता वस्तुमानात मोजणे महत्त्वाचे, कारण इंधनागणिक घनता बदलते. जेट ए-१ चे उष्मांकमूल्य (जळताना मिळणारी ऊर्जा) किलोग्रॅममागे किमान ४२.८ मेगाजूल असते. इथेनॉलचे ते सुमारे २७ भरते, म्हणून त्याच रेट्यासाठी पंपाला बरेच अधिक इंधन पुरवावे लागते. बायोडिझेलची श्यानता (दाटपणा) जास्त असल्याने थंड इंजिन सुरू करताना त्याचे बाष्पीभवन नीट होत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न वंगणाचा आहे. अशा अनेक इंजिनांत बेअरिंगसाठी स्वतंत्र तेलटाकी नसते. इंधनातच सुमारे पाच टक्के टर्बाइन तेल मिसळतात आणि त्या मिश्रणाचा काही भाग बेअरिंगांवरून जातो. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या दंडाची बेअरिंगे त्यावरच टिकतात, म्हणून नव्या इंधनात हे तेल एकजीव होते की खाली बसते, हे काचेच्या बरणीत आधी पाहावे लागते. हे तेल पुढे निष्कासातही जात असल्याने धुराचे आकडे केवळ इंधनाचे मानता येत नाहीत. रबरी कड्यांचे वर्तनही तपासतात: केरोसीनमधील ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी वलयाकार रचना असलेल्या) घटकांमुळे नायट्राइल रबर फुगून सांधा घट्ट राहतो, तर ते घटक नसलेल्या कृत्रिम इंधनात तेच कडे आकसून गळती होऊ शकते.

लहान ज्वलनकक्षात इंधनाला जळायला वेळ कमी मिळतो व संपीडनही कमी असते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचे आकडे मोठ्या इंजिनाला जसेच्या तसे लावू नयेत. त्याच इंजिनावर, त्याच दिवशी केरोसीनशी केलेली तुलना अधिक विश्वसनीय ठरते. असे कृत्रिम इंधन विमानात वापरण्यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ४०५४ या कार्यपद्धतीनुसार मूल्यमापन आणि २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या तिच्याच डी ७५६६ या मानकाची पूर्तता आवश्यक असते.

भारतात देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडापासून (जट्रोफा) बनवलेले इंधन २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादून-दिल्ली उड्डाणात मिश्रणरूपाने वापरले गेले. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या सहभागाने तयार झालेल्या स्वदेशी इंधनाचे मिश्रण १९ मे २०२३ रोजीच्या पुणे-दिल्ली उड्डाणात वापरले गेले. ही दोन्ही उड्डाणे मोठ्या इंजिनांची होती.