मुळांचा अभ्यास आणि ताण सोसणारे वाण (कोकण)

पिकाची मुळं किती खोल जातात, कुठल्या कोनात पसरतात, त्यांना किती बारीक केसमुळं फुटतात हे बघायचं, आणि त्यावरून कमी पाण्यात, कमी खतात किंवा खाऱ्या जमिनीत तग धरणारे वाण तयार करायचे, असं हे काम आहे. वाण निवडताना आजवर बहुतेक जमिनीच्या वरचंच बघितलं गेलं, म्हणजे लोंब्या किती, फुटवे किती, उंची किती, आणि तेही खतपाणी व्यवस्थित दिलेल्या प्लॉटमध्ये, त्यामुळे कुठल्या वाणाचं मूळ चांगलं हे कळायला वावच राहिला नाही कारण पोटभर मिळत असलं की कमजोर मुळाचं झाडही छान दिसतं.

कोकणात हा विषय महत्त्वाचा का, तर एकाच गावात जमीन तीन-चार तऱ्हेची असते. खाली पाणी साचणारे मळे, वर वरकस उतारावर नाचणी-वरी, कातळावर जेमतेम वीतभर माती आणि खाडीला लागून खाजण, म्हणजे खारी जमीन. इतका पाऊस पडतो मग पाण्याचा ताण कसला असं घाटावरच्या माणसाला वाटतं, पण जांभ्याची माती पाणी फार धरून ठेवत नाही आणि सप्टेंबरात गरवं (उशिरा पिकणारं) भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना आठ-दहा दिवस उघडीप पडली की वरच्या कुणग्यातल्या (खाचरातल्या) भाताची पानं सुरळी करायला लागतात. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी पेरतात त्यांना तर वरून थेंबही मिळत नाही, ओल दिवसेंदिवस खाली जात राहते आणि वरची माती कडक होत जाते, त्यात मूळ ओलीच्या मागे खाली पोचलं तर शेंगा भरतात.

खोल जाणाऱ्या मुळाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण भातातलंच आहे. आयआर ६४ हा जगभर पसरलेला वाण, पण त्याची मुळं उथळ. किनांदांग पातोंग या फिलिपिन्समधल्या डोंगराळ भागातल्या भातात डीआरओ१ नावाचं जनुक सापडलं, ते मुळाला जास्त सरळ खाली वळवतं. जपानी शास्त्रज्ञ युसाकु उगा आणि सहकाऱ्यांनी ते संकर करून आयआर ६४ मध्ये आणलं आणि २०१३ मध्ये दाखवून दिलं की पाणी तुटलं तेव्हा या नव्या भाताचं उत्पन्न मूळ वाणापेक्षा बरंच टिकलं. हरभऱ्यात हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आयसीसी ४९५८ या वाणाच्या दणकट मुळांवर असंच काम झालं, आणि उरलेल्या ओलीवर पिकणारा हरभरा आपल्या वालाला जवळचा आहे म्हणून ते काम इथल्या लोकांनी मुद्दाम बघावं असं आहे.

आता खोल मूळ म्हणजेच चांगलं मूळ असं मात्र धरून चालू नका. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जागचा फारसा हलत नाही आणि तो जास्त करून वरच्या थरात असतो, तो मिळवायला मुळं उथळ पसरलेली आणि भरपूर केसमुळांची लागतात. नत्राचं (नायट्रोजनचं) उलट, तो पावसाबरोबर खाली झिरपतो. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे जोनाथन लिंच यांनी घेवडा आणि मक्यावर काम करून हा फरक नीट मांडला. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम इतकं असतं की घातलेल्या स्फुरदातला बराचसा त्यांच्याशी बांधला जातो. भाताच्या चिखलात पाणी साचून राहिलं की लोहाचं रूप बदलतं आणि थोडा स्फुरद सुटतो, पण वरकसावरच्या नाचणीला आणि रब्बीतल्या कुळथाला ती सोय नाही, म्हणून माझ्या मते स्फुरदासाठी मुळं बघायची तर आधी या दोन पिकांची बघावीत. भातात कसालथ या भारतातल्या जुन्या वाणात पीएसटीओएल१ हे जनुक मिळालं (२०१२), त्याने रोप लहान असतानाच मुळं जोरात वाढतात आणि स्फुरद जास्त उचलला जातो. आयआर ६४ मध्ये हे जनुक नाहीच.

खाजणात तर तिसरीच गोष्ट. खाऱ्या, घट्ट बसलेल्या चिखलात मुळांना मिठाचा त्रास असतोच, वर हवाही मिळत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी क्यूएसओआर१ या जनुकाचा अभ्यास छापला, हे डीआरओ१ च्याच भावकीतलं. गेमजाह बेतोन या इंडोनेशियातल्या भातात ते काम करेनासं झालंय आणि त्यामुळे मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरतात, तिथे प्राणवायू थोडा तरी मिळतो, आणि खाऱ्या खाचरात असं भात जास्त पिकलं. आपल्या खारभूमीत काळा राता, भुरा राता हे वाण जुन्या काळापासून आहेत आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे वाण दिलेत. राता भाताची मुळं वरवर पसरतात की दुसऱ्याच कुठल्या मार्गाने तो तगतो हे शेतात खणून बघण्यासारखं आहे.

बघायची पद्धत साधी आहे. पीक फुलोऱ्यात आलं की झाडाभोवती साधारण वीतभर अंतर ठेवून फावड्याने मातीच्या गड्ड्यासकट उचलायचं, साबणाच्या पातळ पाण्यात भिजत ठेवायचं, हलक्या हाताने धुवायचं, आणि कोन आखलेल्या फळीवर ठेवून मुळं किती, किती जाड, किती तिरकी याची नोंद करायची. मक्यावर रूढ झालेली पद्धत आहे, वेळ कमी लागतो पण खालची बारीक मुळं तुटतात. घट्ट थर भेदायची ताकद तपासायला कुंडीत मातीच्या मधे मेण आणि व्हॅसलीनचा थर घालतात आणि किती मुळं आरपार गेली ते मोजतात, जांभ्याच्या भागात ही चाचणी फार उपयोगाची. एक्स-रे स्कॅन करून मूळ न उपटता बघता येतं, पण ते महाग आहे आणि कुंडीपुरतंच.

दोन गोष्टी इथे जपायला हव्यात. कातळावर वीतभर मातीखाली दगडच असेल तर खोल मुळाचा उपयोग शून्य, तिथे पाऊस जायच्या आत पिकणारं हळवं भातच बरं. आणि मुळांवर झाडाचं बरंच अन्न खर्च होतं, त्यामुळे ताण नसलेल्या वर्षी दाणे कमी पडत नाहीत ना हेही त्याच शेतात तपासावं लागतं, आणि तुलनेसाठी शेजारी एक तुकडा कायम बिनखताचा आणि बिनपाण्याचा राखून ठेवावा लागतो.