तांबड्या समुद्रात हरवलेला तांबडा

वीस मीटर खोलीवर माझ्या बोटातून हिरवं रक्त आलं.

इजिप्तमधलं रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यान, सिनाई द्वीपकल्पाचं दक्षिण टोक. बोयाचा दोर धरून खाली उतरताना त्याला चिकटलेल्या एका धारदार शिंपल्याने तर्जनी कापली, तेव्हा कळलंही नाही. खाली पोचल्यावर कॅमेऱ्याचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि चिरेतून अगरबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर चढताना दिसली. शेवाळी, काळपट हिरवी. टॉर्च लावला. झोत पडला तेवढाच तुकडा लालभडक झाला, झोताबाहेर सरकला की पुन्हा हिरवा. समोर लायनफिश पंख पसरून उभा होता, आणि मी त्याला सोडून स्वतःचं बोट बघत बसले.

परत आल्यावर घरी फोटो दाखवले. फ्लॅशशिवाय काढलेले सगळे निळे. बघणाऱ्या बहुतेकांनी एकच कारण सांगितलं: आकाशाचं प्रतिबिंब पडतं ना, म्हणून. शाळेपासून आपण हेच ऐकत आलो आहोत. पण जरा विचार करा. प्रतिबिंब पडतं ते पृष्ठभागावर. मी त्या पृष्ठभागाच्या वीस मीटर खाली, आडवी बघत होते. तिथे निळाई आली कुठून?

हा प्रश्न एका भारतीय माणसाने बोटीच्या डेकवर उभं राहून सोडवायला घेतला होता. खोल समुद्राची निळाई म्हणजे परावर्तित आकाश, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं, आणि आकाश निळं का हे सांगणाऱ्या माणसाचं मत म्हणून ते सगळ्यांनी मानलं होतं. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' जहाजाने परतत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना ते पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात, आणि प्रिझम योग्य दिशेला फिरवला की तो अडवता येतो. रामन यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं. निळाई गेली नाही, उलट जास्त गडद दिसली. सप्टेंबरमध्ये जहाज मुंबई बंदरात आलं, आणि तिथूनच, जहाजावरूनच, त्यांनी 'नेचर'ला पत्र धाडलं. विज्ञान दिनाच्या भाषणांत १९२८ चा 'रामन परिणामा'चा शोध असतोच, पण त्याची वाट मुंबई बंदरातल्या या पत्रापासून निघते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

रामन यांचा भर प्रकाशाच्या विखुरण्यावर होता. पाण्याचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, हे खरंच आहे. पण पाणबुड्या छायाचित्रकाराला छळणारी गोष्ट दुसरी आहे: पाणी लाल रंग गिळतं. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश घ्या. अगदी शुद्ध पाण्यातही दर मीटरला त्याचा सुमारे २९ टक्के भाग शोषला जातो. दहा मीटरवर उरतो तीन टक्क्यांच्या आसपास, वीस मीटरवर हजारातला एखादा भाग. निळा मात्र वीस मीटरनंतरही ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक असतो. रक्त लाल दिसतं ते लाल प्रकाश भरपूर परत पाठवतं म्हणून. थोडासा हिरवाही ते परत पाठवतं, एरवी तो लालापुढे लपून जातो. खाली लाल पोचतच नाही, तेव्हा तो लपलेला हिरवा उघडा पडतो.

आता हे गिळणं नेमकं होतं कसं? मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

जगातले बहुतेक रंग इलेक्ट्रॉनमुळे असतात. हळद, कुंकू, नीळ, झेंडूची पाकळी, या सगळ्यांत प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो. पाण्याचं तसं नाही. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणारा बंध स्प्रिंगसारखा ताणला-आखडला जातो. या थरथरीची मूळ तरंगलांबी सुमारे २९४० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्तात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. मग अवरक्तातली थरथर दृश्य प्रकाशात ढवळाढवळ कशी करते?

तंबोरा आठवा. खर्जाची तार छेडली की फक्त खर्ज वाजत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूरही त्याच तारेतून निघतात. जवारी नीट लागली असेल तर कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो असतो मूळ स्वराच्या पाचपट. (तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या या उपस्वरांवरही रामन यांनी त्याच १९२१ साली लेख लिहिला आहे.)

पाण्याच्या बंधालाही असेच उपस्वर आहेत. कंपनसंख्या पाचपट म्हणजे तरंगलांबी एक पंचमांश. २९४० ला चाराने भागा: ७३५, लाल रंगाच्या अगदी कडेला. पाचाने भागा: ५८८, पिवळा-नारिंगी. सहाने भागा: ४९०, हिरवट निळा. प्रत्यक्ष मोजमापात पाण्याच्या शोषणाचे उंचवटे साधारण ७४०, ६०५ आणि ५१४ नॅनोमीटरला मिळतात. भागाकारापेक्षा प्रत्येक वेळी थोडे पुढे, आणि ही तफावत वाढत जाते, कारण हा बंध आदर्श स्प्रिंग नाही. जास्त ताणला की तो सैल पडतो, आणि सैल तारेचा सूर उतरतो. खरं तर तो आदर्श स्प्रिंग असता, तर असे उपस्वर जवळजवळ निघालेच नसते. क्वांटम नियमांप्रमाणे आदर्श स्प्रिंग एका वेळी एकच पायरी चढू शकते. पाच पायऱ्यांची उडी शक्य होते ती या सैलपणामुळेच, आणि म्हणूनच ती फार क्वचित होते. प्रत्येक पुढचा उपस्वर आधीच्यापेक्षा कित्येक पटींनी क्षीण. चौथा जोरदार, पाचवा बेताचा, सहावा पुसट, सातवा नावापुरता. लाल आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा, मग हिरवा, निळा टिकतो, तो याच उतरत्या क्रमाने.

पेलाभर पाण्यात हे दिसत नाही, कारण पंधरा सेंटीमीटरमध्ये एवढा क्षीण परिणाम जाणवण्याइतका साठत नाही. समुद्रात तो साठतो. याचा पुरावाही फार छान आहे. हायड्रोजनऐवजी दुप्पट जड ड्यूटेरियम घातला की 'जड पाणी' तयार होतं, तेच, जे अलिबागजवळ थळच्या कारखान्यात अणुभट्ट्यांसाठी बनवतात. वजन वाढलं की थरथर मंदावते, सगळे उपस्वर खाली उतरतात आणि लाल शोषणारा उंचवटा अवरक्तात निघून जातो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या चार्ल्स ब्राउन आणि सर्गेई स्मिर्नोव्ह यांनी १९९३ मध्ये हे मांडलं: लांब नळीत साधं पाणी निळसर, जड पाणी बिनरंगी. आकाशाचा काही संबंधच उरला नाही.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट म्हणजे हिशेब खोलीचा नसतो, प्रकाशाने पाण्यात केलेल्या एकूण प्रवासाचा असतो. वीस मीटरवरच्या लाल प्रवाळाचा फोटो मी एक मीटरवरून काढला, तर सूर्यप्रकाश २१ मीटर पाणी तुडवून कॅमेऱ्यात येतो. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, प्रकाश फक्त दोन मीटर: जायला एक, यायला एक. त्यातला निम्मा लाल शाबूत असतो. मासा तीन मीटर अंतरावर असेल तर प्रवास सहा मीटर, आणि लाल उरतो जेमतेम आठवा हिस्सा. म्हणून पाण्याखाली लांबलचक लेन्स काही कामाची नाही. जवळ जावं लागतं. तेही श्वास सावरून, वाळू न उडवता, स्ट्रोब लेन्सच्या दोन्ही बाजूंना हातभर लांब धरून. नाहीतर मधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

आपण आज हे मनगटाएवढ्या स्ट्रोबने करतो. १९२६ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा त्यांनी वर तराफ्यावर मॅग्नेशियमच्या स्फोटक पुडीचा ढीग पेटवला होता. एका हॉगफिशच्या अंगावरचा तांबूस रंग फोटोत यावा म्हणून!

त्या सहलीतल्या एका फोटोवरून घरी थोडं वाजलं. निघताना आत्याने माझ्या मनगटावर देवीचा लाल दोरा बांधला होता. फ्लॅशशिवायच्या फोटोत तो काळाठिक्कर दिसतो. आत्या म्हणाली, "बघ, तुझ्यावरचं संकट दोऱ्याने ओढून घेतलं. म्हणून काळा पडला." तिच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मी तिला लगेच पुढचा फोटो दाखवला: तोच दोरा, तीच खोली, स्ट्रोब चालू, आणि रंग लालच. माझ्या बडीच्या, म्हणजे सोबत डाइव्ह करणाऱ्या जोडीदाराच्या, लाल फिन्सही खाली काळ्या होत्या, त्यांना कुणी मंतरलं नव्हतं. दोरा बांधा, हरकत नाही. मात्र खाली उतरताना भरवसा ठेवायचा तो टाकीतल्या हवेवर, प्रेशर गेजवर आणि शेजारच्या बडीवर.

असाच भाबडेपणा ॲपच्या बाबतीतही चालतो. 'एका टिचकीत हरवलेले रंग परत' अशा जाहिराती आहेत. सेन्सरवर लाल पोचलाच नसेल तर ॲप तो आणणार कुठून? ते अंदाजाने रंग भरतं, किंवा उरलेला कणभर लाल शंभरपट फुगवतं आणि सोबत खरखरही फुगवतं. प्रामाणिक काम वेगळं असतं. २०१९ मध्ये डेरिया अक्कायनाक आणि ताली ट्राइबिट्झ यांनी 'सी-थ्रू' ही पद्धत मांडली. त्यात चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर आधी काढतात आणि त्या अंतराप्रमाणे पाण्याचा परिणाम वजा करतात. धुक्यासाठी बनवलेली जुनी सूत्रं पाण्याला तशीच लावणं चूक आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं.

राहता राहिले मासे. लाल प्रकाशच नसलेल्या जगात इतके मासे लाल का? सोल्जरफिश बघा, लालबुंद अंग आणि मोठाले डोळे. दिवसभर खडकाच्या कपारीत, रात्री बाहेर. कपारीच्या निळ्या अंधारात लाल म्हणजे काळा, म्हणजे अदृश्य. लाल रंगाचं हे कोडं इथे सुटलं असं मी समजत होते. मग ट्युबिंगेन विद्यापीठाच्या निको मिखिल्स यांचं २००८ चं काम वाचलं. त्यांच्या गटाला प्रवाळातल्या किमान ३२ जातींच्या माशांत लाल प्रतिदीप्ती सापडली. हे मासे भरपूर उपलब्ध असलेला निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल प्रकाश बाहेर टाकतात. वरून येणारा लाल पाण्याने खाल्ला, तर यांनी तो तिथेच तयार केला. पाणी तोही खाणारच, म्हणून तो फार लांब जात नाही. जवळच्याच कुणाला दिसेल, एवढाच.

शेवटच्या डाइव्हला मी मास्कपुढे धरायला गडद लाल फिल्टर नेला होता. वीस मीटरवर तो डोळ्यांपुढे धरला आणि निळं जग विझलं. सुरुवातीला काहीच दिसेना. मग खडकावर, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर, करंगळीच्या पेराएवढा एक गोबी मासा दिसला. त्याच्या डोळ्याभोवती निखाऱ्यासारखं लाल कडं होतं. फिल्टर खाली केला तर तिथे नुसता करडा खडक.