रात्रीची लाइट आणि मेंदूतील तीन रसायने

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावाकडे जानेवारीत गव्हाला पाणी देण्याची पाळी येते, तेव्हा शेतीपंपांची थ्री-फेज वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळते. माझे चुलते अशा रात्री घोंगडी पांघरून, बॅटरी आणि खोरे घेऊन दारे धरायला जातात. एक वाफा भरला की त्याचे दार बुजवायचे, पुढच्याचे मोडायचे आणि पाणी शेवटापर्यंत पोहोचेतो बांधावर उभे राहायचे, असे उजाडेपर्यंत चालते. “रात्री दोन-अडीचनंतर हातपाय चालतेत, पण डोकं चालत नाही, अन् दिवसा पडून राहिलं तरी डोळा लागत नाही,” असे ते सांगतात. त्यांच्या या तक्रारीचे बरेचसे उत्तर मेलाटोनिन, सेरोटोनिन आणि डोपामिन या तीन रसायनांच्या वेळापत्रकात आहे.

मेलाटोनिनला सर्रास ‘झोपेचे हार्मोन’ म्हटले जाते. मला हे नाव अपुरे वाटते, कारण रात्रभर जागून धान्य कुरतडणाऱ्या उंदराच्या रक्तातही मेलाटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे हे रसायन शरीराला ‘बाहेर अंधार आहे’ एवढेच कळवते. त्या अंधारात झोपायचे की हिंडायचे, हे त्या त्या प्राण्याचा मेंदू ठरवतो. माणसात नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते वाढू लागते, पहाटे दोन ते चारच्या सुमारास सर्वाधिक असते आणि उजाडता उजाडता ओसरते. त्याची रात्रीची पातळी दिवसाच्या सुमारे दहापट असते.

अंधाराची ही खबर मोठा वळसा घेऊन जाते. दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य बाळगणाऱ्या काही पेशी प्रकाश, विशेषतः निळसर प्रकाश, टिपतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील जैविक घड्याळाला कळवतात. तिथून संदेश पाठीच्या कण्यातील चेतारज्जूत उतरतो, मानेतील चेतागुच्छात येतो आणि पुन्हा वर चढून, तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेल्या पिनियल ग्रंथीपर्यंत पोहोचतो. मानेशी चेतारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांत रात्रीचे मेलाटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. हा वळसा खरोखरच तिथून जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

सेरोटोनिनचा संबंध याच ग्रंथीत येतो. दूध, शेंगदाणे, डाळी यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन बनवते, आणि पिनियल ग्रंथीत दिवसभर त्याचा साठा होत राहतो. अंधार पडला की ग्रंथीशी पोहोचलेल्या चेतातंतूंतून नॉरॲड्रेनालिन हे संदेशवाहक रसायन सुटते, एक विशिष्ट विकर (एन्झाइम) झपाट्याने वाढते आणि त्या साठ्याचे दोन टप्प्यांत मेलाटोनिन होते. त्यामुळे या ग्रंथीत दिवसा सेरोटोनिन भरपूर आणि रात्री कमी, तर मेलाटोनिनचे नेमके उलट, असा क्रम रोज चालतो. १९५८ साली येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गाईगुरांच्या असंख्य पिनियल ग्रंथींतून हे रसायन वेगळे काढले. त्यांना खरे तर त्वचेच्या रंगाचा शोध घ्यायचा होता, आणि या अर्काने बेडकाची कातडी फिकट होत होती. त्या रंगाच्या आणि सेरोटोनिनच्या नात्यावरूनच त्यांनी ‘मेलाटोनिन’ हे नाव ठेवले.

इथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. ‘रात्री सेरोटोनिनचे मेलाटोनिन होते, म्हणून मेंदूतील सेरोटोनिन संपते आणि मन उदास होते,’ असे अनेक जण सांगतात. ते बरोबर नाही. पिनियल ग्रंथीतील साठा आणि मेंदूच्या देठातील राफे केंद्रांच्या चेतापेशी वापरतात ते सेरोटोनिन, हे दोन वेगळे हिशेब आहेत. गोळीतून घेतलेल्या मेलाटोनिनचे पुन्हा सेरोटोनिनही होत नाही. तरीही परिणाम होतो, पण तो संदेशामार्फत. राफे केंद्रांच्या पेशी जागेपणी सर्वाधिक सक्रिय असतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. याच पेशींचे तंतू जैविक घड्याळापर्यंत जाऊन त्याची प्रकाशाविषयीची संवेदनशीलताही कमीजास्त करतात. म्हणून मेलाटोनिनने घड्याळाची वेळ सरकली की सेरोटोनिनचाही दिनक्रम सरकतो. १९६८ साली उंदरांना मेलाटोनिन टोचल्यावर मेंदूच्या काही भागांत सेरोटोनिन वाढल्याचे दिसले होते. पुढच्या प्रयोगांत मात्र मात्रा, वेळ आणि मेंदूचा भाग बदलला की निकालही बदलत गेले. ‘मेलाटोनिन सेरोटोनिन वाढवते’ असे सरसकट विधान मी म्हणूनच करणार नाही.

डोपामिनच्या बाबतीत चित्र अधिक ठळक आहे, आणि ते सर्वांत स्वच्छ दिसते डोळ्यात. दृष्टिपटल स्वतःचे थोडे मेलाटोनिन बनवते. दिवसा तिथे डोपामिनचा अंमल असतो, त्यामुळे डोळा झगझगीत उजेडात रंग आणि बारकावे पाहायला सज्ज होतो. रात्री मेलाटोनिन वाढते आणि अंधुक उजेडात पाहण्याची तयारी होते. दोघेही एकमेकांना आवरतात. मेलाटोनिन डोपामिनचे स्रवण रोखते, हे संशोधक मार्गारिटा डुबोकोविच यांनी १९८३ साली सशाच्या दृष्टिपटलात दाखवले. डोपामिन मेलाटोनिनची निर्मिती थोपवते. त्याआधी एकच वर्ष, इस्रायलमध्ये नावा झिसापेल आणि मोशे लॉडन यांना उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्येही मेलाटोनिन डोपामिनचे स्रवण कमी करते असे आढळले होते. चेतापेशीत कॅल्शियम शिरल्याशिवाय ती डोपामिन सोडत नाही, आणि मेलाटोनिन या कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या टप्प्यावरच लगाम घालते. हा लगाम दिवसाच्या सर्व वेळी सारखाच घट्ट नसतो, हे मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

डोपामिनचे काम उत्साह, लक्ष, हालचालीची सुरुवात अशा गोष्टींशी जोडलेले आहे. त्यामुळे मेलाटोनिनची गोळी सहज हाताला लागते म्हणून ती सरसकट घेऊ नये. संध्याकाळ झाली की पायांत वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असा त्रास काही जणांना असतो आणि त्याचा डोपामिनशी संबंध आहे. अशा रुग्णांत मेलाटोनिनने पायांची चाळवाचाळव वाढल्याचे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. नैराश्यावर दिले जाणारे फ्लुव्हॉक्सामिन यकृतातील मेलाटोनिनचा निचरा रोखते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते. बाजारात तीन, पाच, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. रक्तातील नैसर्गिक रात्रीची पातळी गाठायला साधारण ०.३ मिलिग्रॅम पुरते. ॲगोमेलाटिन या औषधात मात्र हे नाते कौशल्याने वापरले आहे: ते मेलाटोनिनच्या ग्राहकांना (पेशीवरील, संदेश टिपणाऱ्या रेणूंना) चेतवते आणि सेरोटोनिनच्या एका ग्राहकाला अडवते, त्यामुळे मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिनवरचा दाब हलका होतो. २००९ साली युरोपात त्याला नैराश्यासाठी मान्यता मिळाली.

चुलत्यांच्या बॅटरीचा उजेड पायापुरता असतो; जैविक घड्याळ हलवायला तो पुरत नाही. दुसऱ्या दिवशी शेतातले लख्ख ऊन त्याच घड्याळाला पुन्हा जागेवर बसवते. म्हणून पहाटे तीन वाजता ते वाफ्यात उभे असतात तेव्हा त्यांचे मेलाटोनिन शिगेला असते, आणि दुपारी बाजेवर पडतात तेव्हा ते अगदी कमी असते. घड्याळ सरकले तरी दिवसाला साधारण तासभरच सरकते, त्यामुळे ते रात्रीला सरावण्याआधीच वीज पुन्हा दिवसाच्या पाळीला येते.