परसातली भाजी आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाचा गुंता

घरी भाजी लावायला घेणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतं : ‘आमच्या आजीच्या परसात कधी औषध मारलं नाही.’ घराण्याची रीत पुन्हा सुरू करायची म्हणजे त्या परसाकडे परत जायचं. ही ओढ खरी आहे, मोलाची आहे. फक्त ही आजी कुठल्या काळातली, हे आधी विचारायला हवं. आज साठीत असलेल्या माणसाची आजी आणि आज विशीत असलेल्या मुलीची आजी, या दोघींच्या परसांच्या मधे रसायनांचं एक अख्खं युग येऊन गेलं आहे.

फार मागे जाण्याचं कारण नाही. शेण, राख, पालापाचोळा आणि गेल्या वर्षीचं राखलेलं बी, घरच्या भाजीला शतकानुशतकं याखेरीज आधारच नव्हता, म्हणून त्याला वेगळं नावही नव्हतं. पण जुनं ते सगळं निर्विष होतं, असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंगेऱ्यांसाठी ‘पॅरिस ग्रीन’ नावाची हिरवी पूड वापरात आली. तिच्यात तांबं आणि आर्सेनिक असे. १८९२ नंतर लेड आर्सेनेट आलं, म्हणजे आर्सेनिकच्या जोडीला शिसं. तंबाखू भिजवून केलेलं पाणी तर पूर्ण घरगुती. तरी त्यातलं निकोटिन इतकं जहाल की अमेरिकेतल्या आजच्या सेंद्रिय नियमांत ते चालत नाही.

या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा काळ १९३९ ते १९४५ चा. अन्न आणणारी जहाजं बुडवली जात होती, तेव्हा ब्रिटनमध्ये हिरवळी, उद्यानं, रेल्वेकडेच्या पट्ट्या खणून लोकांनी भाजी लावली. अमेरिकेत १९४३ साली अशा घरगुती बागा सुमारे २ कोटी होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाजी त्यांतून आल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. आज त्या बागांची कृष्णधवल चित्रं सेंद्रिय वारसा म्हणून दाखवली जातात. पण याच ब्रिटनमध्ये सरकारने १९४२ साली खास घरगुती बागांसाठी ‘नॅशनल ग्रोमोर’ हे तयार खत आणलं. नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी ७ टक्के. अमेरिकेतही त्याच सुमाराला असं खत निघालं. लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोट भरायचं होतं, हात नवखे होते आणि दारात गाय कितीजणांकडे होती? पण घरची भाजी आणि खताची पिशवी अनेक कुटुंबांत एकाच हंगामात आली, हे लक्षात ठेवावं लागतं.

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत सुरू झाला होता. त्याच अमोनियातून स्फोटकंही होतात आणि खतही. दुसरं युद्ध संपलं तेव्हा ही सगळी यंत्रणा खताकडे वळली. जोडीला डीडीटी होतं : कीड मारण्याचा त्याचा गुण १९३९ मध्ये कळला, १९४५ मध्ये ते अमेरिकेत सर्वसामान्यांना विकत मिळू लागलं आणि शेतीतला वापर तिथे १९७२ मध्ये बंद झाला. मधली सत्तावीस वर्षं ज्यांच्या उमेदीची होती, त्यांच्या बागा ‘आजीच्या’ असूनही औषधाविना होत्या, असं गृहीत धरता येत नाही.

आता शब्दाकडे. १८२८ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत निरिंद्रिय क्षारापासून युरिया केला. सजीवाच्या शरीरात तयार होणारा पदार्थ शरीराबाहेर घडवल्याचं ते गाजलेलं उदाहरण. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे ढोबळमानाने कार्बनची संयुगं. त्या अर्थाने युरियाची गोणी सेंद्रिय आहे, डीडीटीसुद्धा सेंद्रिय आहे. आणि सेंद्रिय बागेत सर्रास चालणारी राख, चुना, रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) ही मात्र निरिंद्रिय! शब्दकोश उघडून हा वाद मिटणारा नाही, कारण बागेतल्या ‘सेंद्रिय’चं मूळच वेगळं आहे. १९४० च्या एका इंग्रजी पुस्तकात शेताला एक जिवंत देह मानलं होतं. माती, झाड, जनावर, माणूस हे त्याचे अवयव. एकाने टाकलेलं दुसऱ्याने घ्यायचं. हा शब्द आला तो या देहाच्या कल्पनेतून. कार्बनशी त्याचा संबंध नव्हता.

मराठीत आपण रसायनशास्त्राचा शब्द उचलून तसाच शेतीला लावला. ‘स-इंद्रिय’, म्हणजे इंद्रियं असलेलं. योगायोगाने ‘देह’ हा अर्थ त्यात शाबूत आहे, पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते ‘रसायन नसलेलं’. मूळ अर्थ नात्याचा होता, तो अभावाचा झाला. शेजारी आणखी शब्द आहेत. ‘जैविक’ कुणी सेंद्रियच्याच अर्थाने वापरतं, पण जैविक खत म्हटलं की जाणकाराच्या डोळ्यांसमोर जिवाणूंचं पाकीट येतं. ‘नैसर्गिक’वाल्यांपैकी काहींना बाहेरून आणलेलं कंपोस्टही चालत नाही. ‘विषमुक्त’ फक्त भाजीवर उरलेल्या औषधाच्या अंशाबद्दल बोलतो, मातीबद्दल अवाक्षर नाही. जुन्या परसाला यांतला १९४० चाच अर्थ सर्वांत जवळचा आहे, असं माझं ठाम मत आहे. स्वयंपाकघरातून निघालेली सालं संध्याकाळी आळ्यात जात, एवढीच तिथली व्याख्या होती.

कंपोस्टची जी शिस्त पुढे युरोप-अमेरिकेतल्या बागांत पोहोचली, तिचं एक मूळ इंदूरमध्ये आहे. १९२४ ते १९३१ या काळात तिथे शेतातला कचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली गेली. असा ढीग नीट लागला की दोन-तीन दिवसांत आत हात घालवत नाही. ५५ अंशांच्या वर गेलेल्या त्या उष्णतेत तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात.

पुढे शब्द कायद्यात शिरला, अमेरिकेत १९९० मध्ये आणि युरोपात १९९१ मध्ये. १९९७ च्या अमेरिकी नियमांच्या मसुद्यात सांडपाण्याचा गाळ, अन्नावर किरणांचा मारा आणि जनुकबदल केलेली पिकं यांना वाट मोकळी होती. पावणेतीन लाखांवर हरकती आल्या आणि ती बंद झाली. पण २०१७ मध्ये मातीविना, पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर वाढवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणण्यास मनाई करण्याचा ठराव तिथल्या सल्लागार मंडळात ७ विरुद्ध ८ मतांनी पडला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. माती वगळली की देहाच्या त्या कल्पनेत काही उरत नाही. गच्चीवर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बाटलीतलं द्रावण यांवर भाजी घेणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, ताजी मिळते; पण ती आजीची रीत नव्हे. घरी खाण्यापुरती भाजी पिकवणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तर शब्द जपून वापरायची जबाबदारी त्याच्यावर अधिक.

शेणखत म्हणजे निर्धोक, हा विश्वासही २००८ मध्ये हलला. ब्रिटनमध्ये घरगुती बागांतल्या टोमॅटो, घेवडा, बटाट्याची पानं नेच्याच्या कोंबासारखी वळू लागली. कुरणावर मारलेलं अमिनोपायरॅलिड हे तणनाशक गवतातून जनावरात, जनावरातून शेणात आणि शेणातून वाफ्यात आलं होतं. तेव्हापासून तिथले सावध लोक बाहेरचं शेणखत आधी कुंडीत घालून त्यात घेवड्याचे चार दाणे टाकतात आणि नवी पानं सरळ निघतात का ते पाहतात.

राहता राहिलं बी. दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित भाज्यांचं बियाणं पसरलं. त्याचं घरी धरलेलं बी आईबापासारखं उतरत नाही, म्हणून दरवर्षी विकत घेणं आलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत मागणी इतकी वाढली की काही देशांतल्या बियाणे विक्रेत्यांना काही दिवस नव्या मागण्या घेणं थांबवावं लागलं. बरणीत राखेत घोळलेलं बी ज्यांच्या घरी होतं, त्यांना वाट पाहावी लागली नाही. घेवड्याचं बी धरणं सोपं, कारण बहुतेक फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. शेंग वेलीवर वाळून खुळखुळू लागली की काढायची. भोपळ्याचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वेलीचा पराग आणते आणि पुढच्या वर्षी भलतंच फळ लागतं. म्हणून उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आज संध्याकाळीच दोऱ्याने बांधून ठेवायची, सकाळी सोडून हाताने पराग लावायचा आणि मादी फुलाचं तोंड पुन्हा बांधून टाकायचं.