धुरांड्यातला गंधक जातो कुठे?

कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्राजवळ राहणाऱ्याला प्रदूषण समजावून सांगावं लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, ती बोटाला लागते. म्हणूनच कोळशाच्या विजेवरचा आपला वाद बराचसा राखेभोवती फिरतो. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गंधकाची.

देशी कोळशात राख भरपूर, ३० ते ४५ टक्के. गंधक मात्र कमी, साधारण अर्धा टक्का. ऐकायला बरं वाटतं. पण जरा हिशोब मांडू. एक किलो कोळशात ५ ग्रॅम गंधक. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि वजन दुप्पट होतं: १० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॉटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर वीज १ कोटी २० लाख युनिट, कोळसा पावणेआठ हजार टन आणि हा वायू पाऊणशे टनांच्या घरात. दिवसाला, एका संचातून! चंद्रपूरला असे पाच संच आहेत, शिवाय २१० मेगावॉटचे दोन. आपल्या कोळशात उष्णता कमी, म्हणून तो जाळावाही जास्त लागतो. कमी गंधकाचा बराचसा फायदा तिथेच संपतो.

राख पकडायला ‘ईएसपी’ असतं. कणांना विद्युतभार देऊन ते पत्र्यांवर ओढून घेतले जातात आणि ९९ टक्क्यांहून जास्त राख अडकते. वायू मात्र त्यातून सरळ निघून जातो. त्याच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, ती बहुधा चुनखडीच्या पाण्याने धूर धुऊन त्यातला हा वायू शोषून घेते; तिला एफजीडी म्हणतात. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने वायूची मर्यादा ठरवली, मुदत दोन वर्षांची दिली. मग ती पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के क्षमतेला एफजीडीतून सूटच मिळाली.

सूट देण्यामागची कारणं अगदीच पोकळ नाहीत. एफजीडी महाग आहे, ती चालवायला वीज लागते, चुनखडी खणून आणावी लागते, आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइडही सुटतो. पण एक युक्तिवाद मला मुळीच पटत नाही: हवेत मोजल्यावर सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच सापडतो, मग अडचण काय? अहो, तो सापडेल कसा? उंच धुरांड्यातून सुटलेला वायू वाऱ्याबरोबर जाताना हवेत आणि धुक्याच्या थेंबांत ऑक्सिडाइज होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतो. शेतातल्या युरियातून, गोठ्यातल्या मूत्रातून उठलेला अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम सल्फेटचे घन कण तयार होतात, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक. ते शेकडो किलोमीटर जातात, फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. तिथे मोजताना त्यांचं नाव ‘पीएम २.५’ असतं, धुरांड्याचं नाव कुठेच येत नाही.

यंत्रणा आपल्याकडे चालणारच नाही, असंही नाही. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्राला चिकूच्या बागांच्या काळजीने विरोध झाला होता. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, त्याने एफजीडीचा आग्रह सोडला नाही, आणि २००७मध्ये ती बसलीही. तिथे चुनखडी लागत नाही. समुद्राच्या पाण्यातले बायकार्बोनेट क्षार वायूला निष्प्रभ करतात, आणि उरतं ते सल्फेट, जे समुद्रात आधीच मुबलक असतं.

नव्या नियमात दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना डिसेंबर २०२७पर्यंत एफजीडी बसवणं बंधनकारक आहे. नागपूरला खेटून असल्यामुळे कोराडी त्यात येतं. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. वर्तुळ १० किलोमीटरचंच आखलंय. सल्फेटचा कण मध्यम वाऱ्यावर तेवढं अंतर तासाभरात ओलांडतो.