काचबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी बाहुली लहान का करतात?

भायखळ्याच्या जे.जे.पासून ठाण्याच्या छोट्या दवाखान्यापर्यंत, काचबिंदूच्या लेझरला आलेल्या पेशंटचा एक प्रश्न हमखास असतो: "मागच्या वेळी बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते, आज लहान करायचे का?"

उपाय आधी सापडले, कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. 1857 मध्ये नेत्रतज्ज्ञ ग्रेफे यांनी परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा, तुकडा कापून तीव्र काचबिंदू आटोक्यात आणला. 1876 मध्ये नेत्रतज्ज्ञ लाकर यांनी कॅलाबार बीपासूनचं, बाहुली आवळणारं औषध काचबिंदूवर वापरलं. त्यांना स्वतःलाही हाच आजार होता. 1875 मध्ये ब्राझीलच्या जॅबोरँडी पानांतून पायलोकार्पिन हे बाहुली आवळणारंच दुसरं औषध वेगळं झालं आणि लवकरच तेही डोळ्यात पडू लागलं. काचबिंदूत वाढलेला डोळ्यातला दाब उतरायचा, पण नेमकं काय होतं ते दिसायचं नाही. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन समोरून पाहता येत नाही, त्याला खास भिंग लागतं. त्या भिंगातून पाहून नेत्रतज्ज्ञ बार्कन यांनी 1938 मध्ये अरुंद आणि रुंद कोनाचे काचबिंदू वेगळे केले, तेव्हा कोडं उलगडलं.

बाहुली आवळली की परितारिका मध्याकडे ताणली जाते. चुरगळलेली चादर ओढल्यावर कडेच्या वळ्या निघाव्यात, तशी तिची कड कोनावरून सुटते. ती पातळही होते, म्हणून लेझरनं छिद्र पाडायला कमी ऊर्जा पुरते. कोनातल्या शस्त्रक्रियेत तीच परितारिका डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाला झाकून हत्यारापासून वाचवते. मोतीबिंदूही सोबत काढायचा असेल तर आधी बाहुली मोठी ठेवतात आणि नवं भिंग बसल्यावर आवळतात.

याची दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. बाहुली आवळणारं हेच औषध डोळ्यातल्या दुसऱ्या एका स्नायूलाही आखडवतं. त्यानं भिंगाला धरणारे धागे सैल पडतात, भिंग फुगून पुढे सरकतं आणि परितारिकेपुढची पोकळी उथळ होते. काही डोळ्यांत त्यामुळे पाण्याची वाट आणखी अडते. भुवईवर ठणका लागतो तोही याच स्नायूमुळे. दाब फार चढलेला असला तर बाहुलीचा स्नायू थेंबांना दादच देत नाही. आधी दाब उतरवावा लागतो.

म्हणूनच कोनाची तपासणी हे थेंब घालण्याआधी करतात. थेंबांनंतर कोन जेवढा रुंद दिसतो, तेवढा तो एरवी नसतो.