म्युझियममधले सण आणि आत शिरलेले आईबाप: थोडी पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायटी ग्रुपवर पोस्टर यायला लागतात. आकाशकंदील वर्कशॉप, मातीचा किल्ला, म्युझियममधली फॅमिली दिवाळी, आणि खाली बारीक अक्षरात एक मूल, एक पालक, पालकांचं तिकीट वेगळं. त्यावर दरवर्षी तोच वाद, की कंदील पोरगं करणार, मग पैसे माझे का, आणि मी तिथे दोन तास बसून करू काय. वाद क्षुल्लक वाटतो, पण या सगळ्या प्रकाराचा इतिहास बघितला तर मुद्दा तिथेच आहे. मुलांसाठीचे कार्यक्रम आपल्याकडे जुनेच आहेत. त्यात नवीन काय आलं असेल तर आईबाप.

मुलांचं म्युझियम म्हणजे मुलांसाठीच काढलेलं, जिथे वस्तूंना हात लावू देतात असं म्युझियम. पहिलं निघालं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली, मग बोस्टनला १९१३, इंडियानापोलिसला १९२५. सुरुवातीला भर निसर्ग-विज्ञानावर, पेंढा भरलेले पक्षी, शिंपले, दगड. १९६२ नंतर बोस्टनला नवीन संचालक आले आणि काचेची कपाटं बाजूला करून मुलांना वस्तू हाताळायला द्यायला लागले, तिथून चित्र बदललं. सणांचं म्हणाल तर इंडियानापोलिसला १९६४ पासून हॅलोविनला भूतघर लागतं, ते स्वयंसेवकांचं मंडळ चालवतं आणि पैसे म्युझियमला जातात, म्हणजे सीझनल कार्यक्रमामागे पहिल्यापासून तिजोरीचाही विचार होता, हे विसरू नये. आणि १९७९ ला क्योटो शहराने बोस्टनच्या म्युझियमला एक अख्खं जुनं जपानी घर भेट दिलं, रेशीम व्यापाऱ्याचं, त्यात चपला काढूनच शिरायचं. दुसऱ्याचा सण त्याच्या घरात जाऊन बघायचा ही कल्पना तिथे पक्की झाली असं मला वाटतं. ३१ डिसेंबरला रात्री बाराऐवजी दुपारी बाराला काउंटडाउन करायची पद्धत पण तिकडचीच, कारण पोरं आठला झोपतात.

आपल्याकडे मॉडेल वेगळं होतं. दिल्लीत १९५६ ला बालभवन सुरू झालं, मुंबईत चर्नी रोडला आहेच, आणि या बालभवन पद्धतीत मूल एकटं आत जातं, चित्रकला, मातीकाम, नाच, नाटक शिकतं आणि बाहेर येतं. पालक गेटवर. ठाण्यातली उन्हाळी शिबिरं, वासंतिक वर्ग, छंदवर्ग, संस्कारवर्ग सगळे याच वळणाचे. सकाळी सोडायचं, डबा द्यायचा, दुपारी न्यायचं, शेवटच्या दिवशी गॅदरिंग बघायला मात्र सगळं खानदान. १९७८ ला गडकरी रंगायतन झाल्यावर मे महिन्यात बालनाट्यांना आईवडील शेजारी बसायचे खरे, पण प्रेक्षक म्हणून. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचं उद्यान १९७९ चं आणि मोठी इमारत १९८५ ची, तिथे ठाण्याच्या शाळांच्या बस जायच्या, बाई आणि शिपाईमामा सोबत. तिथल्या कॅलेंडरवर २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन असायचा. दिवाळी, संक्रांत तिथे कुणी शोधायला जात नव्हतं.

जायचं कारणच नव्हतं, सण खाली अंगणात होता. नौपाड्यात, पाचपाखाडीत, चरईत, कोपरीत चाळीसमोर किंवा बिल्डिंगच्या कोपऱ्यात लाल माती, विटा, गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी पेरायची, झाला किल्ला. भोंडला गच्चीवर, बोरनहाण कुणाच्या तरी हॉलमध्ये, गणपतीत मंडळाच्या मांडवात वेशभूषा आणि लिंबू-चमचा. कोणी शिकवायला नसायचं, मोठ्या पोरांचं बघून छोटी पोरं करायची, आणि आई फक्त जेवायला हाक मारायची. डोंबिवलीत १९९९ ला पाडव्याची स्वागतयात्रा निघाली आणि मग ठाण्यासकट सगळीकडे पसरली, तेव्हा पहिल्यांदा सणाला सगळं कुटुंब नटून एका आखलेल्या कार्यक्रमात गेलं असं म्हणता येईल. मला तरी आजच्या फॅमिली प्रोग्रॅमचं मूळ परदेशातल्या म्युझियमपेक्षा या यात्रांमध्ये जास्त दिसतं, कुणाला पटो न पटो.

मग अंगणं गेली. जुन्या ठाण्यात रिडेव्हलपमेंट, घोडबंदरला टॉवर, खाली पोडियम आणि पेव्हर ब्लॉक, माती आणली तर सेक्रेटरीची नोटीस. नवी मुंबईची गोष्ट आणखी निराळी. १९७० मध्ये शहर वसवायला सिडको महामंडळ काढलं, नोड म्हणजे वेगवेगळे उपनगरी भाग पाडले, शाळांना प्लॉट, उद्यानाला प्लॉट, पण राहायला आले सगळ्या देशातले लोक आणि मुळात जी ९५ गावं होती ती आगरी-कोळ्यांची. एका मजल्यावर ओणम, पोंगल, दुर्गापूजा, छठ आणि गौरी. आपला सण शेजाऱ्याला माहीत असेलच असं नाही, आणि आजी गावाला. म्हणजे सणाला जागा पण हवी आणि शिकवणारं माणूस पण हवं, आणि दोन्ही विकत मिळायला लागलं.

म्युझियमवाले इथे शिरले. भायखळ्याचं १८७२ चं म्युझियम दुरुस्त होऊन २००८ ला परत उघडलं तेव्हापासून तिथे वीकएन्ड वर्कशॉपचा रिवाज लोकांना कळला, काळा घोड्याच्या म्युझियमची बस २०१५ पासून शाळांपर्यंत फिरायला लागली, आणि २०१९ ला त्याच आवारात मुलांचं वेगळं म्युझियम उघडलं. वर्षभरात लॉकडाऊन. सगळं झूमवर गेलं, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला, कारण पाच वर्षांचं पोर एकट्याने झूमवर कंदील करू शकत नाही. कात्री आईकडे, फोन बाबांच्या हातात, डिंक आजी शोधतेय. न ठरवता फॅमिली प्रोग्रॅम. परत दारं उघडली तेव्हा आयोजकांना कळून चुकलं होतं की मोठी माणसं सोबत असली तर एकाच माणसाला वीस मुलं सांभाळता येतात. २०२३ च्या शेवटी लोअर परळला खास मुलांसाठीच बांधलेलं बहुमजली म्युझियम सुरू झालं आणि ठाण्या-वाशीहून शनिवार-रविवारी तिकडे जाणं हा एक उद्योगच झाला.

आता ज्यावरून वाद होतो तो नियम. पालक सोबत असलेच पाहिजेत, नुसतं सोडून जाता येणार नाही. तो कधी कुणी पहिला केला याला महत्त्व नाही, सगळीकडे थोड्या फरकाने आला. आयोजकांची बाजू अशी की आम्ही पाळणाघर नाही, मूल रडलं, शी-शू लागली, कुणाला ॲलर्जी निघाली तर जबाबदारी कोणाची. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनाच नियम घट्ट करावे लागले, आणि २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर या पट्ट्यातल्या पालकांनी स्वतःच 'आम्ही थांबतो' म्हणायला सुरुवात केली. ही बाजू मजबूत आहे.

दुसरी बाजू नोकरी करणाऱ्या आईबापांची. सुट्टी मुलाला, आम्हाला नाही. शिबिर दहा ते पाच असतं, त्यात दिवस निघतो, इथे दोन तासांसाठी रजा टाकायची, लोकलने दोघांचा प्रवास, वर तिकीट. आजी-आजोबांना पाठवावं तर गुडघे. घरी सांभाळणाऱ्या मावशी चालतील का, हा प्रश्न तर बुकिंग करताना हमखास येतो, आणि उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुठे अठरा वर्षांवरचं कोणीही चालतं, कुठे नातेवाईकच लागतो. मावशींचं पण तिकीट काढायचं आणि त्यांनी मागे स्टुलावर बसायचं, हे मला बघवत नाही, कारण बहुतेक वेळा त्या खोलीत तोरण ओवायला, शेण-मातीचा हात फिरवायला त्यांनाच सगळ्यात चांगलं येत असतं.

आणि तिसरी तक्रार खुद्द शिकवणाऱ्यांची. पालक आत आले की काम पालकच करतात. किल्ल्याच्या स्पर्धेत हे जुनंच दुखणं आहे, बुरुजाला प्लायचा सांगाडा आणि दरवाजाला बिजागरी दिसली की परीक्षकाला कळतं बाबा सिव्हिल इंजिनियर आहेत. वर्कशॉपमध्ये उलटंही होतं, अर्धे जण फोनवर. म्हणून मग तडजोडी निघाल्या, पहिला अर्धा तास एकत्र आणि मग मोठ्यांनी बाहेर चहा प्यायचा, किंवा मोठ्यांना त्यांचं वेगळं टेबल आणि वेगळी माती. हा दुसरा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मोठ्यांना स्वतःची माती दिली की ते मुलाच्या मातीला हात लावत नाहीत.

पण सणांच्या बाबतीत पालकांना बाहेर ठेवणं जमलंच नसतं हेही खरं. ओरिगामी कोणीही शिकवू शकतं. भोंडल्याची गाणी मात्र खोलीतल्या दोन आज्यांना येतात, इन्स्ट्रक्टरला नाही, तो बिचारा प्रिंटआउट घेऊन उभा. खिरापत ओळखायच्या खेळाला डबा कुणाच्या तरी घरूनच यावा लागतो. शाडूचा गणपती तर आणखी अवघड. २०२० मध्ये प्रदूषण मंडळाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंधनं आली, २०२५ ला हायकोर्टातही त्यावर बरंच झालं, आणि शाडूच्या वर्कशॉपना गर्दी वाढली. मूल मूर्ती करतं, ठीक आहे, पण ती पूजेला बसवायची की शोकेसमध्ये ठेवायची हे आठ वर्षांचा मुलगा ठरवू शकत नाही. सुकताना कानाला भेग गेली तर ती चालते की नाही, हे आजीला फोन करून विचारलं जातं. म्हणून अशा ठिकाणी घरातलं कोणी तरी आत असणं ही सोयीपेक्षा गरजच झाली.

सण निवडतात कसे, हा मुद्दा राहिला. पोस्टरवर 'सीझन' लिहिलेलं असलं तरी ऋतूशी त्याचा फार संबंध नसतो, संबंध शाळेच्या सुट्टीशी. राज्य मंडळाच्या शाळांची दिवाळी मोठी, म्हणून ठाण्याच्या जुन्या भागातली गर्दी दिवाळीत. सीबीएसईवाल्यांचं वर्ष एप्रिललाच चालू, दिवाळी त्यांची छोटी, पण नाताळात मोकळे, म्हणून खारघर, नेरुळकडचे लोक डिसेंबरमध्ये. मे महिन्यात दोघेही, आणि १९७७ पासून १८ मे हा जागतिक म्युझियम दिन असल्यामुळे म्युझियमवाल्यांना आयतं निमित्त. बालदिन १४ नोव्हेंबरचा, तो कितीदा तरी दिवाळीच्या सुट्टीत अडकतो आणि पोरं गावाला असतात, त्यामुळे तो म्युझियमपेक्षा शाळेतच उरकतो. पावसाळ्यात सगळं थंड, कारण मध्य रेल्वेच्या भरवशावर ठाण्याहून भायखळ्याला मूल घेऊन कोण निघणार.

यात जे गळतं ते गळतंच. हॅलोविन आला, ख्रिसमस आला, ओणमची पुकळम, म्हणजे फुलांची रांगोळी, पण दिसते, नवी मुंबईत तर वाशी स्टेशनजवळ निरनिराळ्या राज्यांची भवनंच आहेत, तिकडून माणसं मिळतात. पण नारळी पौर्णिमा मुलांच्या कार्यक्रमात क्वचित दिसते, चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याएवढा जवळ आणि दिवाळे गाव बेलापूरच्या कुशीत असताना. सुट्टी एक दिवसाची, पावसाचे दिवस, आणि वर्कशॉपमध्ये मावेल असं करायला काय द्यायचं हा प्रश्न. नारळ सोन्याच्या कागदात गुंडाळणं एवढंच सुचतं आयोजकांना. कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांना जाळं विणायला बसवलं तर दोन तास कमी पडतील.

जुलै २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यानंतरच्या दिवाळीत किल्ला वर्कशॉपचं स्वरूप थोडं बदललं, पोस्टरवर किल्ल्यांची नावं आली, बरोबर नकाशा, उंची, तटबंदीचा आराखडा. ऐरोलीच्या ग्रुपवर कुणीतरी म्हटलं यंदा जिंजी करू, शेजारचे तमिळ काका माहिती देतील. माती मात्र अजूनही गोणीने विकत आणावी लागते, आणि वर्कशॉपनंतर तो किल्ला लोकलमधून घरी न्यायचा कसा यावर कोणाकडे उत्तर नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो ट्रेमध्ये बसेल एवढाच करायला देतात.